आधी पांढऱ्या, मग तांबड्या

शनिवार, ४ मार्च

बोबडे,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत नसेल. पण तुमच्या घराचं दार मला बंद झालं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तुला 'र' म्हणता येत नव्हता. तुझं खरं नाव माझ्या तोंडी कधी बसलंच नाही, म्हणून हेच लिहिते. राग आला तर येऊ दे, फक्त पत्र अर्ध्यावर टाकू नकोस.

मी तुझी मावशी, तुझ्या आईची धाकटी बहीण. अजून त्याच औषधांच्या दुकानात, त्याच काचेच्या काउंटरमागे उभी असते. मालक थकले, मी जाड झाले, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

सोळा वर्षांनी आत्ताच का लिहिते, ते सांगते. तुझ्या बाळाला लस टोचणाऱ्या सिस्टर स्वतःची रक्तदाबाची औषधं माझ्याकडून नेतात. परवा बोलता बोलता म्हणाल्या, एक मुलगी आली होती, दहा महिन्यांचं बाळ घेऊन. बाळंतपण पोट फाडून झालेलं, टाके भरायला तीन महिने लागले. दोन वर्षं तरी दुसरं नको असं डॉक्टरांनी बजावलंय. सिस्टरनी तिला तपासून गोळ्या सुचवल्या, तर ती बाळ उचलून उभीच राहिली. म्हणाली, माझी आई त्याच गोळ्यांनी गेली, मी विष खाणार नाही. सिस्टर हे सांगत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. आमच्या भागात ती गोष्ट कुणाला ठाऊक नाही?

तेव्हा ऐक. तुझी आई गोळ्यांनी गेली नाही. तुझ्यानंतर तुझी धाकटी झाली, तीही तशीच, पोट फाडून. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ताईला बसवून सांगितलं होतं की आता तिसरं राहिलं तर पिशवी फाटेल, कायमचं ऑपरेशन करून घे. तुझ्या आजीने 'मुलगा झाल्याशिवाय नाही' म्हणून ठणकावलं, आणि तुझे बाबा आईसमोर मान वर करणारे नव्हते. मग ताईने आपल्यापुरता मार्ग काढला. ती माझ्याकडून गोळ्या न्यायला लागली. चिठ्ठी लागत नाही, कुणाची सही लागत नाही, पैसे ठेवले की मिळतात. पैसे ठेवले की, एवढीच काय ती अट.

ती शनिवारी दुपारी यायची, दुकान रिकामं असताना. हाक मारायची नाही. घराच्या किल्लीने काचेवर दोनदा टकटक करायची. या गोळ्या मागणारी बाई सरळ मागत नाही, हे तुला माहीत नसेल. आधी खोकल्याच्या गोळ्या मागते, मग कापसाचं पाकीट, मग इकडेतिकडे बघते, मग बोटाने दाखवते. माझ्या दुकानातून खोकल्याच्या गोळ्या नेणाऱ्या निम्म्या बायकांना खोकला नसतो. ताई मात्र किल्ली वाजवायची आणि ओठ मिटून हसायची. आमच्यात तेवढं पुरायचं.

गोळ्या चालू होत्या तोवर, सव्वा वर्ष, तिला काही झालं नाही. उलट अंगावर मांस आलं होतं. मग एका महिन्यात पट्टीत काहीतरी गफलत झाली. कंपनी बदलली होती. दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच झालं. रक्त थांबलं नाही. बटणांच्या डब्यात गोळ्यांचे तुकडे सापडले ते नंतर, आणि घरच्यांनी तर्क लावला.

गोळ्यांनी ती जगत होती. चुकल्या तेव्हा गेली. सिस्टर सांगतात त्या निमूट घे. यापलीकडे माझं काही मागणं नाही.

तुझी मावशी

बुधवार, १५ मार्च

बोबडे,

सिस्टरच्या हाती पाठवलेलं पत्र तू वाचलंस आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलंस असं त्या म्हणाल्या. फाडलं नाहीस म्हणून मी जरा खूश होतेय, तोवर त्यांनी पुढचं सांगितलं. 'गफलत झाली म्हणजे काय? गफलत आपोआप होते का?' असं विचारलंस म्हणे. वर म्हणालीस, मावशी हात झटकतेय.

बरोबर बोललीस. जिभेला धार आईचीच आहे.

तर नीट सांगते, जसं काउंटरवर समजावते तसं. त्या पट्टीत अठ्ठावीस गोळ्या असतात, सातच्या चार ओळी. पहिल्या तीन ओळी पांढऱ्या, शेवटची तांबडी. औषध आहे ते पांढऱ्यांत. तांबड्यांत नुसतं लोह, रक्तासाठी. त्या सात दिवसांत पाळी येते, आणि आठव्या दिवशी नव्या पट्टीची पांढरी घ्यायचीच, तिथे उशीर चालत नाही. आधी पांढऱ्या, मग तांबड्या. शाळेतल्या पोरालाही पाठ होईल.

पण अख्ख्या पट्टीचे पैसे ताईकडे एकदम कधीच नसायचे. तिच्या हातात आठवड्याच्या खर्चाचे मोजून पैसे पडत, त्यातून ती थोडे बाजूला काढायची. शिवाय अख्खं पाकीट लपवायचं कुठे? सात गोळ्यांची चिंचोळी पट्टी बटणांच्या डब्यात तळाशी बसायची. म्हणून आम्ही कापून द्यायचो, आठवड्याला एक ओळ. ताईलाच नाही, अशा आठ-दहा बायका होत्या.

आता आमच्या धंद्यातली एक सवय ऐक. पट्टी कापायची झाली तर तारखेची बाजू दुकानात राहिली पाहिजे. तारीख आणि बॅच नंबर ज्या टोकाला छापलेला असतो ते टोक सगळ्यात शेवटी विकायचं, नाहीतर उरलेला तुकडा कुठला, कधीचा, काही कळत नाही आणि कंपनी परत घेत नाही. मालकांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हे. हाताला इतकं बसलेलं, की पट्टी हातात आली की अंगठा आपोआप तारखेवर जातो आणि कात्री दुसऱ्या टोकाला लागते.

जुन्या कंपनीच्या पट्टीवर तारीख तांबड्यांच्या बाजूला असायची. म्हणजे सवयीने कापलं तरी पहिली ओळ पांढरीच निघायची. त्या वर्षी मालकांच्या पायाचं ऑपरेशन झालं, ते महिनाभर घरी होते, आणि दुकान माझ्या एकटीवर. त्यातच नव्या कंपनीचा माल आला, थोडा स्वस्त. त्या पट्टीवर तारीख पांढऱ्यांच्या टोकाला होती. मी तारखेवर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या टोकाला कात्री लावली.

पट्टीच्या पाठीवर बाण असतात, कुठून कुठे घ्यायच्या ते दाखवणारे. मी पट्टी उलटून बघितली नाही. ताई जुन्या पट्टीच्या सात तांबड्या संपवून आली होती. मी तिला आणखी सात तांबड्या दिल्या. चौदा दिवस तिच्या पोटात औषधाचा कण गेला नाही.

ही गफलत. ती मी केली. कंपनीने नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. मालक काठी टेकत परत आले आणि ड्रॉवरमधला उरलेला तुकडा बघून म्हणाले, 'बाई, हे कुणाकुणाला दिलंस? शेवट आधी दिलास की.' बाकीच्या बायकांना मी सांगितलं. दोघी घाबरल्या, पण निभावल्या. ताईला सांगितलं नाही. तोवर तिच्या पांढऱ्या चालू झाल्या होत्या, मालक म्हणाले बहुतेक काही होत नाही, आणि मी 'बहुतेक' ऐकलंच नाही. बाहेरच्या बाईची माफी मागता येते. मोठ्या बहिणीची मागायला जीभ रेटत नाही, का ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा तिला कळलं असतं तर महिन्याभरात ती डॉक्टरीणबाईंकडे गेली असती. तिने वाट बघितली. माझ्या गोळ्यांवर तिचा भरवसा होता, म्हणून पाळी चुकली ती अशक्तपणाने असं धरून चालली. चौथा महिना लागला तेव्हा आजीच्या लक्षात आलं, आणि मग तिला घराबाहेर कोण सोडतंय.

ती गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी तुझ्या बाबांनी मला बोलावलं. तुकडे ताटलीत ठेवलेले. तू दाराला धरून उभी होतीस, हातात लाल बटण होतं. तुझ्या बाबांनी विचारलं, 'तू दिल्यास?' मी म्हणाले, 'हो.' आजी म्हणाली, गोळ्यांनी पोरीचं रक्त जाळलं. मी गप्प बसले. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं, की गोळ्यांनी नाही हो, माझ्या कात्रीने. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. दोष गोळ्यांवर जात होता, मी जाऊ दिला. मला वाटलं, गोळ्यांचं काय जातंय?

गोळ्यांचं काही गेलं नाही, बायकांचं गेलं. तुमच्या गल्लीतली एकही बाई त्यानंतर त्या घ्यायला आली नाही. कापून नेणाऱ्या आठ-दहा जणींपैकी सहा बंद झाल्या. चार वर्षांपूर्वी एक कोवळी मुलगी आली, दोन वर्षांत दोन बाळंतपणं झालेली. पट्टी तिच्या हातात होती. मागून सासू आली आणि माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, हिच्याच बहिणीचा जीव गेला या गोळ्यांनी, ठेव खाली. मुलीने माझ्याकडे बघितलं. खरं काय ते मी म्हणू शकत होते. मी खोकल्याच्या गोळ्यांची बरणी पुसायला घेतली.

आणि आता तीच गोष्ट फिरून तुझ्या तोंडून माझ्याकडे आली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, ते असं.

मावशी

सोमवार, २७ मार्च

बोबडे,

तुझी चिठ्ठी मिळाली. सिस्टरनी औषधांच्या यादीच्या घडीत घालून दिली. मला 'तुम्ही' लिहिलं आहेस. बरोबर आहे, परक्या बाईला तसंच लिहितात.

चिठ्ठीत तीन वाक्यं आहेत, मला पाठ झाली. 'आईला रंग कळत होते. ती बटणं रंगावरून वेगळी करायची आणि मला शिकवायची. सात तांबड्या संपवून परत सात तांबड्या हातात आल्यावर तिने तुम्हाला विचारलं नाही?'

मी ही चिठ्ठी घेऊन गोदामात गेले आणि खोक्यावर बसून राहिले. मालकांनी दोनदा हाक मारली. सोळा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुझ्या बाबांना सुचला नाही, आजीला सुचला नाही, मालकांना सुचला नाही. मला वाटायला लागलं होतं की आता तो कुणालाच सुचणार नाही.

विचारलं.

तो शनिवार होता, पण त्या दिवशी दुकान रिकामं नव्हतं. मालक नाहीत म्हणून कामं तुंबलेली, चार माणसं उभी, त्यात आमच्या शेजारचे मास्तर, गुडघ्याचं मलम घ्यायला आलेले. ताईने किल्ली वाजवली. मी कागदात गुंडाळून तुकडा सरकवला. तिने नेहमीप्रमाणे मुठीत घ्यायचा, तर उघडून बघितला. आणि म्हणाली, 'अगं, परत तांबड्याच? तांबड्या तर आत्ता झाल्या.'

हळूच म्हणाली, पण मास्तरांनी मान वळवली. मला कानापर्यंत शरम वाटली. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. माझी बहीण चारचौघांत काय विचारते, असं झालं. मी म्हणाले, 'कंपनी बदललीय. दिल्यात त्या खा निमूट.'

'निमूट' मी म्हणाले. पहिल्या पत्रात मी तुलाही तोच शब्द लिहिला, बघ काढून. माझ्या ते आत्ता लक्षात आलं.

ती हसली नाही. 'बरं' म्हणाली आणि गेली. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी होती, शाळेत माझी गणितं तीच सोडवायची, पण काउंटरच्या या बाजूला मी उभी होते म्हणून तिने माझं ऐकलं. स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं ते तिने माझ्या शब्दावर बाजूला ठेवलं. पट्टी उलटून बघायला मला किती वेळ लागला असता? मास्तरांचं मलम काढायला लागला त्याच्या निम्मासुद्धा नाही.

आता सगळंच लिहून टाकते. मी तिला अख्खी पट्टी घेऊन देऊ शकत होते. माझ्या पगाराला ती जड नव्हती. पण मी सायकलसाठी पैसे साठवत होते, आणि मला वाटायचं, तिचा नवरा आहे, तिचं घर आहे, मी का? सायकल आली. ताई जायच्या दोन महिने आधी आली. आठवडाभर चालवली आणि मग गोदामात लावून ठेवली, अजून तिथेच आहे, तिच्यावर खोकी रचली आहेत.

ताई मला दिसते असं म्हटलं तर तू म्हणशील मावशी सहानुभूती मागतेय. दिसत नाही. ऐकू येते. शनिवारी दुपारी काचेवर दोनदा टकटक होते, मी उठते, समोर कुणी नसतं. पहिली काही वर्षं मला भीती वाटायची. मग सवय झाली. गेल्या काही वर्षांत मला वाटायला लागलंय की ती काही मागायला येत नाही, तीच गोष्ट परत विचारायला येते. आणि मी दर वेळी त्याच जागी उभी राहून गप्प असते. भूत असलंच तर ते तिचं नाही, माझ्या त्या एका वाक्याचं आहे.

तुला हवं होतं ते उत्तर हे. तिने विचारलं होतं. तुझी आई वेडी नव्हती, भोळी नव्हती, गोळ्या चुकवणारी नव्हती. तिला बरोबर कळलं होतं. तिला गप्प केलं मी.

आता माझं नाव टाकलंस तरी चालेल. गोळ्यांवरचा राग तेवढा माझ्यावर घे.

मावशी

गुरुवार, ६ एप्रिल

बोबडे,

काल तू दुकानात आलीस ते मला उशिरा कळलं. तोंड ओळखीचं वाटलं नाही. तू बाबांसारखी दिसतेस, ताईचं फक्त कपाळ आहे. बाळ खांद्यावर झोपलेलं. पुढे तीन गिऱ्हाइकं होती, एक बाई आणि दोन पुरुष, आणि तू रांग सोडून पुढे आली नाहीस, खोकल्याच्या गोळ्याही मागितल्या नाहीस. तुझा नंबर आला तेव्हा मागे आणखी दोन माणसं उभी राहिली होती. तू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, 'मूल न होण्याच्या गोळ्या दाखवा.'

बोललीस तेव्हा 'र' स्वच्छ आला, पण मी ओळखलं ते त्यामुळे नाही. असं कुणी मागतच नाही, म्हणून मी वर बघितलं.

मी पट्टी काढली. तू विचारलंस, 'आधी कुठल्या?'

मागच्या माणसाने घसा खाकरला. मालक आतून बाहेर आले. माझे कान तसेच तापले, सोळा वर्षांनी, अगदी तसेच, मला वाटलं होतं या वयात ते जातं. पण मी पट्टी उलटी केली, बाणांवर बोट ठेवलं आणि सांगितलं. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली पांढरी. एकवीस दिवस पांढऱ्या, सात दिवस तांबड्या, आणि आठव्या दिवशी नवी पट्टी, मधे एकही दिवस सोडायचा नाही. विसरलीस तर काय करायचं तेही सांगितलं. मी किती मोठ्याने बोलत होते ते मला मालकांच्या चेहऱ्यावरून कळलं. रांगेतली ती बाई पैसे देऊन झाली होती तरी थांबून ऐकत होती.

मग मी न विचारता आणखी एक बोलले, तू ऐकलंस. म्हणाले, माझी बहीण या गोळ्यांनी गेली नाही, मी तिला उलट्या क्रमाने दिल्या आणि तिने विचारलं तेव्हा तिला गप्प केलं, म्हणून गेली. मालकांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली, का ते देव जाणे, मी काही कापत नव्हते.

मी पट्टी तुझ्यापुढे सरकवली. पैसे नको म्हणणार होते. तू ती बोटाने माझ्याकडे परत सरकवलीस आणि म्हणालीस, 'गोळ्या घेणार आहे मी. तुमच्या हातच्या नाही.'

आणि गेलीस. बाळाचा एक मोजा काउंटरपाशी पडला, तो मी सिस्टरकडे दिला आहे, मिळेल.

तू गेल्यावर मी काय केलं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते. मी दुकानाच्या दारात आले. तू रस्ता ओलांडून समोरच्या नव्या मेडिकलमध्ये शिरलीस. तिथला माणूस तरुण आहे, घाईत असतो. त्याने पट्टी पिशवीत टाकून दिली. तू ती पिशवीतून काढलीस, उलटी केलीस, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन त्याला काहीतरी विचारायला लागलीस. त्याने हात हलवून 'घ्या हो तशाच' असं काहीतरी केलं. तू हलली नाहीस. मागे माणसं थांबली होती, तरी तू हलली नाहीस. शेवटी त्याने चष्मा लावला आणि पट्टी हातात घेऊन तुला दाखवायला लागला.

मला फार रडू आलं. तुझ्यासाठी नाही, तुझं ठीक आहे. ताईलाही एवढंच करायचं होतं.

आत येऊन मी पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं. ती रांगेतली बाई अजून तिथेच होती. म्हणाली, मघाच्या त्या गोळ्या, मला अख्खी पट्टी परवडायची नाही, कापून द्याल का? मी म्हणाले, देईन. आणि पट्टी तिच्यासमोर उलटी धरली, आधी तिला बाण दाखवले, मग मालकांकडून कात्री मागितली.

पुढच्या पट्टीसाठी इथे येऊ नकोस. तिथेच घे, पण दर वेळी विचार. त्याला कंटाळा आला तरी विचार.

मावशी